एक वऱ्हाड, दोन फायली

रात्रीचे साडेअकरा. मेहकरला आजीच्या घरी ओसरीवर बसलेय, लॅपटॉप मांडीवर, लाइट नुकतीच आलीय आणि फोनवर एडिटर. "अगं, लोणारचं सरोवर पन्नास हजार वर्षांपूर्वीचं की पाच लाख सत्तर हजार? तुझ्या लेखात पहिल्या पॅरात एक आकडा आहे, चौकटीत दुसरा. पान सोडायचंय मला."

आता बोला! उत्तर मला तोंडपाठ होतं. उल्का आदळून लोणारचं विवर तयार झालं, हे शाळेपासून ऐकलेलं. त्याचं वय आधी साधारण पन्नास हजार वर्षं धरत. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून मोजमाप झालं, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि वय एकदम ५ लाख ७० हजारांच्या घरात गेलं. हा बदल मी माझ्या नोंदीत चार महिन्यांपूर्वी केला होता. स्वतःच्या हातानं. मग जुना आकडा परत आला कुठून?

गुन्हेगार होती माझी लाडकी विकी.

विकी म्हटलं की आपल्याला विकिपीडियाच आठवतो. पण वॉर्ड कनिंगहॅमनं १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली ती प्रोग्रामर मंडळींसाठी. नाव उचललं हवाईयन भाषेतून, 'विकी' म्हणजे झटपट. मग २००४ मध्ये जेरेमी रस्टननं टिडलीविकी आणली आणि एकट्या माणसाचीही विकी असू शकते हे लोकांच्या लक्षात आलं. मी वापरते ते याच घराण्यातलं एक फुकट सॉफ्टवेअर. फंडा सोपा आहे. प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटी टेक्स्ट फाइल, आणि एका नोंदीतून दुसरीकडे उडी मारायला लिंक. 'लोणार'वरून 'दैत्यसूदन मंदिर', तिथून 'सिंदखेडराजा', तिथून 'आजीचे शब्द'. फ्रीलान्सरसाठी सॉलिड प्रकार. पाच वर्षांत माझ्या तेराशे नोंदी झाल्या होत्या.

एडिटरला "पाच लाख सत्तर, नक्की" असं सांगून फोल्डर उघडलं. बघते तर 'लोणार' आणि शेजारी 'लोणार १'. 'शेगाव', 'शेगाव १', 'शेगाव २'. तेराशे नोंदींच्या सतराशे फायली! जुळ्यांची शाळाच.

झालं होतं असं. माझी आवृत्ती तीन वर्षं जुनी. "अपडेट उपलब्ध आहे" ही पट्टी रोज दिसायची आणि मी रोज ती बंद करायचे (तुम्हीही करता, मला माहितीये). त्या जुन्या आवृत्तीत काही वेळा बदल सेव्ह करताना आधीच्या फायलीवर लिहिलं जायचं नाही, शेजारी नवी फाइल उभी राहायची. विकी सुरू होताना दोन्ही वाचल्या जायच्या आणि जी शेवटी वाचली जाईल ती स्क्रीनवर. म्हणजे मी दुरुस्त केलेलं लोणार एखाद्या दिवशी पुन्हा तरुण व्हायचं. भर म्हणून तेच फोल्डर पुण्यातल्या डेस्कटॉपवरही उघडं ठेवलेलं.

सकाळी कामाला लागले. आधी विकी दोन्हीकडे बंद केली आणि अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी केलं. हे आधी, बाकी सगळं नंतर. यात घाई नको. मग नवी आवृत्ती टाकली. मेहकरच्या नेटवर त्याला जेमतेम एक चहा लागला. एक नोंद उघडली, स्वल्पविराम टाकला, सेव्ह. फोल्डरमध्ये बघितलं. नवी जुळी नाही! दहा वेळा करून पाहिलं, नाहीच.

पण अपडेटमुळे नवी बाळंतपणं थांबतात, जुनी जुळी तशीच राहतात. चारशे फायली हातानं बघाव्या लागल्या. प्रत्येक फायलीत वरच्या ओळींत शेवटच्या बदलाची तारीख असते, म्हणून वाटलं होतं की नवी ठेवायची आणि जुनी उडवायची. तसं केलं असतं तर मोठा घोळ झाला असता. 'कापूस' या नोंदीची नवी फाइल चार ओळींची होती. जुन्या फायलीत आजीनं दोन वर्षांपूर्वी सांगितलेली उलंगवाडी होती, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होऊन शेत मोकळं होतं ते, आणि त्या दिवसांत घरात काय काय चालायचं ते सगळं. आजीला आता नीट ऐकू येत नाही. तेच प्रश्न पुन्हा विचारले तर ती हसते आणि भलतंच काहीतरी सांगते. ती फाइल डिलीट झाली असती तर मला कळलंही नसतं.

दुपारपर्यंत संपलं असं वाटलं, तेवढ्यात लक्षात आलं की 'वऱ्हाड' दोनदा दिसतंय. मागे १ नाही, २ नाही. अगदी सारखंच नाव, दोन वेगळ्या नोंदी. 'पऱ्हाटी'चंही तेच आणि 'बऱ्हाणपूर'चंही. नवी आवृत्ती असूनही!

इथे सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष निघालं. मराठीतला हा 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला 'ऱ', हलंत आणि ह. दुसरी, साधा 'र', हलंत, मग शून्य रुंदीचं एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. म्हणजे पऱ्हाटी आणि पर्‍हाटी. फरक दिसला? नाहीच दिसणार. पण कॉम्प्युटरसाठी हे दोन वेगळे शब्द. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड एक लिहितो, फोनचा दुसरा. त्यामुळे लॅपटॉपवर 'वऱ्हाड' शोधलं की फोनवर टिपलेल्या नोंदी येतच नव्हत्या. आणि आजीच्या पलंगाशेजारी बसून टिपलेलं सगळं फोनवरचं! रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा त्रास कधी कळायचा नाही. ज्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे, तिथल्यांना मात्र चुकायचा नाही.

यावर अपडेट नाही. मी सगळीकडे नुक्त्याचा 'ऱ' ठरवला आणि साध्या एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला चालवलं. चिन्ह दिसत नसल्यानं ते चुकीच्या नोंदीतून कॉपी करून शोधचौकटीत चिकटवावं लागलं. एकशे बारा ठिकाणी बदल झाले. मग नाव एक झालेल्या नोंदी एकेक करून जोडत बसले.

आजी बाजेवरून बघत होती. "काय करून राह्यली वं सकाळपासून?"

"पऱ्हाटी लिहितेय, आजी." मोठ्यानं, कानाजवळ.

"हां," म्हणाली, आणि तिफनीची गोष्ट सुरू केली. मी फोन बाजूला ठेवला आणि लॅपटॉप पुढे ओढला.