पाटीवरचे पहिले नाव

बँकेच्या नोकरीत भागीदारी पेढ्यांची पुष्कळ खाती माझ्या टेबलावरून गेली. खाते उघडायला दोघे भागीदार येतात, शेजारी-शेजारी बसून चहा घेतात, नमुना-सह्या करतात. तीच फाईल पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा समोर येते, तेव्हा एक खुर्ची रिकामी असते. मृत्यूचा दाखला जोडायचा, जुन्या खात्यावरील व्यवहार थांबवायचे, नव्या करारावर नवे खाते उघडायचे, हा क्रम ठरलेला. मात्र ‘पेढीचे नाव’ या रकान्यापाशी आला की माणसाचा हात थांबतो.

कापडाच्या एका व्यापाऱ्यांनी त्या रकान्यात जुनेच जोडनाव लिहिले. मी म्हणालो, “शेठ, बदलायचे असेल तर हीच वेळ आहे.” ते म्हणाले, “साहेब, नाव काढले तर गिऱ्हाईक विचारील, दोघांचे भांडण झाले होते का म्हणून.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि सकाळी दुकान उघडताना वर पाहायचे ते कोणाकडे?”

संगीतकार विजय पाटील यांच्या निधनाची बातमी २२ मे २०२१ रोजी नागपूरहून आली, तेव्हा मला हे शेठ आठवले. विजय पाटील हे नाव ऐकून अनेक वाचक विचारात पडतील. ‘रामलक्ष्मण’ म्हटले की मात्र घरातल्या तिन्ही पिढ्यांच्या ओठांवर एखादी चाल येईल.

दोघांची पाटी, एकाची वाटचाल

विजय पाटील मूळचे नागपूरचे, जन्म १९४२ चा. अकॉर्डियन आणि पियानो ही त्यांची वाद्ये. मुंबईत सुरेंद्र नावाच्या सहकलावंताशी त्यांची जोडी जमली. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटाने ती जोडी ‘राम-लक्ष्मण’ या नावाने लोकांसमोर आणली. सुरेंद्र हे राम, विजय हे लक्ष्मण. दादांचा चित्रपट म्हणजे त्या काळी गावोगावच्या थिएटरांत घरबसल्या मिळालेली जाहिरातच होती. पाठोपाठ राजश्री या निर्मितीसंस्थेने ‘एजंट विनोद’ हा हिंदी चित्रपट दिला. मराठी वाद्यवृंदातून आलेल्या दोघा वादकांसाठी हा केवढा मोठा दरवाजा होता! आणि त्याच सुमारास, १९७६ मध्ये, राम गेले.

‘एजंट विनोद’ १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. कामाची जबाबदारी एकट्या लक्ष्मणांवर होती. जोडी लोकांना माहीत होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. नावाला अजून मोठी बाजारपेठ नव्हती, जुनी पुण्याई नव्हती. ‘विजय पाटील’ या स्वतःच्या नावाने नवी सुरुवात केली असती तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र जोडनाव तसेच ठेवले, आणि ते शेवटपर्यंत, म्हणजे पुढची पंचेचाळीस वर्षे निभावले.

ही वर्षे सोपी नव्हती. दादांच्या मराठी चित्रपटांचे काम चालू राहिले. हिंदीत ‘तराना’ (१९७९) आला, ‘हम से बढ़कर कौन’ (१९८१) आला. या दुसऱ्या चित्रपटातले गणपतीचे गाणे आजही मंडपामंडपांतून वाजते. पण खरे यश यायला राम गेल्यानंतर तेरा वर्षे लागली. ‘मैंने प्यार किया’ १९८९ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला, आणि त्याच्या संगीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सन्मानचिन्हावर जे नाव होते त्याचा अर्धा भाग १९७६ मध्येच कालवश झालेल्या माणसाचा होता. पुढे १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. त्यात चौदा गाणी होती. आपल्याकडच्या लग्नांतील संगीतसंध्या, जोडे लपवण्याचा खेळ, डोहाळजेवण, यांपैकी एकही प्रसंग त्या गाण्यांशिवाय पार पडेनासा झाला. १९९९ मध्ये ‘हम साथ-साथ हैं’ आला. २०१८ चा महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कारही ‘रामलक्ष्मण’ यांनाच जाहीर झाला.

कायदा काय सांगतो

व्यापारी कुटुंबांसाठी हा विषय केवळ भावनेचा नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. ३७ वे कलम सांगते की अंतिम हिशेब न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर मृताच्या वारसांना त्याच्या भांडवलाच्या वापरातून झालेल्या नफ्यातील वाटा, किंवा त्याच्या हिश्शावर दरसाल सहा टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते. आणि नावाबद्दल २८ व्या कलमात एक बारीक तरतूद आहे. पेढी जुन्याच नावाने चालू राहिली, त्यात दिवंगत भागीदाराचे नाव असले, तरी केवळ त्या कारणाने त्याच्या वारसांवर किंवा मिळकतीवर नंतरच्या व्यवहारांची जबाबदारी येत नाही.

म्हणजे कायद्याने भांडवलाचा हिशेब लावला, व्याजाचा दर लिहिला, वारसांना संरक्षण दिले. दिवंगताचे नाव राखावे, असे मात्र कायदा कुठेही म्हणत नाही. तेवढी जागा त्याने माणसाच्या सद्सद्विवेकावर सोडली आहे. रामलक्ष्मण या नावाने जे काम झाले ते त्या मोकळ्या जागेत झाले.

शंकर यांचे एकटेपण

याच चित्रसृष्टीत याहून मोठ्या जोडीवरही अशी वेळ आली होती. शंकर आणि जयकिशन ही दोघे पृथ्वी थिएटरमध्ये वादक होते. एक तबल्यावर, दुसरे हार्मोनियमवर. ‘बरसात’ (१९४९) पासून पुढची बावीस वर्षे त्यांच्या नावाने हिंदी चित्रपटसंगीतावर राज्य केले. दत्ताराम आणि सेबॅस्टियन डिसूझा ही दोन गोमंतकीय माणसे त्यांच्या पाठीशी होती. १२ सप्टेंबर १९७१ रोजी यकृताच्या विकाराने जयकिशन गेले. वय चाळिशीच्या आसपास. जयकिशन चर्चगेटच्या गेलॉर्ड उपाहारगृहात नेहमी बसत. ते टेबल त्यांच्या निधनानंतर काही काळ त्यांच्यासाठी राखून ठेवले होते, असे सांगतात.

शेवटच्या काही वर्षांत दोघांमध्ये अंतर पडले होते, हेही लपून राहिलेले नाही. दोघे बरेचसे काम वेगवेगळे करीत, पाटी मात्र एकच. अशा वेळी जयकिशन यांच्या मागे शंकर यांनी स्वतंत्र नाव लावले असते तर ते स्वाभाविक ठरले असते. त्यांनी तसे केले नाही. २६ एप्रिल १९८७ रोजी निधन होईपर्यंत ते ‘शंकर-जयकिशन’ याच नावाने काम करीत राहिले. याची किंमतही त्यांनी मोजली. नाव दोघांचे असले की लोक तुलना दोघांच्या काळाशी करतात. काम उतरले की म्हणतात, ‘गेला तोच खरा होता.’ जोडनाव राखणाऱ्याला हा शेरा ऐकून घ्यावा लागतो, आणि त्याचे उत्तर देता येत नाही. मतभेद होऊनही नाव पुसायचे नाही, हे भावाभावांच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगायला नको.

ओझे आणि आठवण

राम आणि लक्ष्मण ही नावे आली म्हणून आपल्या परंपरेतील रामकथा येथे आठवते. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’मध्ये आणि रविषेणांच्या ‘पद्मपुराणा’त लक्ष्मण आधी जातात. रामाच्या मृत्यूची खोटी वार्ता ऐकताच त्यांचे प्राण जातात. मग राम भावाचे निष्प्राण शरीर खांद्यावर घेऊन सहा महिने फिरतात. त्याला स्नान घालतात, घास भरवू पाहतात, तो गेला हे मान्य करीत नाहीत. अखेर बोध होतो, तेव्हा ते शरीर खाली ठेवतात, अंत्यसंस्कार करतात आणि पुढे दीक्षा घेतात.

बालपणी ही कथा ऐकताना मला रामाची कीव येत असे. आता तिच्यातला भेद अधिक दिसतो. गेलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन जागच्या जागी फिरत राहणे हा मोह. त्याला खाली ठेवून, त्याचे ऋण मनात धरून पुढचे काम करीत राहणे ही कृतज्ञता. चित्रसृष्टीतल्या आपल्या लक्ष्मणांनी दुसरी वाट धरली. ते शोकात थांबले नाहीत. नवी चाल बांधली, आणि तिच्यावर आधी रामाचे नाव लिहिले.

हिशेबात राहिलेली चूक

तरीही या कथेत एक नोंद राहून गेली आहे, आणि ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. सुरुवातीचे ‘राम-लक्ष्मण’ पुढे सलग ‘रामलक्ष्मण’ झाले. मधली आडवी रेघ गेली. हळूहळू लोकांना वाटू लागले की हे एकाच माणसाचे नाव आहे. ज्या नावाने सहकाऱ्याची आठवण जपायची, त्याच नावात तो सहकारी दिसेनासा झाला. ‘मैंने प्यार किया’ची गाणी पाठ असलेल्या किती जणांना सुरेंद्र हे नाव ठाऊक आहे? लक्ष्मणांनी आपल्या वाट्याचे सारे केले. उरलेले काम ऐकणाऱ्यांचे होते, ते आपण केले नाही.

हीच गोष्ट पुढे माझ्या डोळ्यांसमोर घडली. निवृत्तीनंतर एकदा त्या कापडाच्या दुकानावरून जात होतो. शेठ आता नाहीत. पाटी नव्याने रंगवलेली, नाव तेच जोडनाव. गल्ल्यावर त्यांचा नातू बसला होता. मी ओळख सांगितली आणि विचारले, “हे पहिले नाव कोणाचे, माहीत आहे का?” तो नम्रपणे म्हणाला, “काका, आमच्या पणजोबांचे असणार.”

ते त्याच्या पणजोबांचे नव्हते. आजोबांच्या त्या भागीदाराचे होते, ज्यांच्यासाठी शेठ त्या रकान्यापाशी थांबले होते. मी तिथेच बाकावर बसलो आणि त्याला पंधरा मिनिटे ती हकीकत सांगितली. त्याने गल्ला बंद करून ती ऐकली.

आपल्या घराघरांत अशा पाट्या आहेत. आजोबांनी कोणाबरोबर तरी पहिली गाठोडी खांद्यावरून वाहिलेली असतात, कोणाच्या तरी सहीने पहिले कर्ज मिळालेले असते. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल, तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी अधिक लिहाव्यात : पाटीवरचे पहिले नाव कोणाचे, तो माणूस कुठून आला होता, त्याने काय केले, आणि तो केव्हा गेला. आणि त्या ओळी घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.