खिशातला जॉबर

ज्यांची नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत, अशी काही मंडळी आपल्या गावातही आहेत. तेव्हा हा विषय अगदीच परका नव्हे.

अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे नुसती विद्यार्थ्यांची करमणूक नसते. मोठ्या विद्यापीठांत तो कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार असतो. चांगल्या खेळाडूला कॉलेज फी माफ करते, कधी राहण्याजेवणाचा खर्चही उचलते. पण अशा जागा किती? हायस्कुलांच्या संघांतून सुमारे 80 लाख मुलेमुली खेळतात. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी ‘एन.सी.ए.ए.’ ही संस्था स्वतःच सांगते की त्यांतल्या शेकडा दोघांनाच काही ना काही क्रीडा-शिष्यवृत्ती मिळते. ‘काही ना काही’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. पुष्कळांची फी अर्धीमुर्धीच सुटते. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजे तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

या अरुंद दाराशी आता मोबाईलवरचे ॲप उभे आहे. मुलगा त्यात उंची, वजन, धावण्याची वेळ, परीक्षेचे गुण भरतो आणि सामन्यांतील निवडक चित्रफिती जोडतो. प्रशिक्षक हजार मैलांवर बसून चाळण लावतो: अमुक उंचीचा, डावखुरा, इतक्या गुणांचा. नेब्रास्कातील लिंकन शहरी 2006 साली निघालेल्या ‘हडल’ कंपनीमुळे या चित्रफिती घरोघर पोचल्या. लाभ खरा आहे, तो नाकारू नये. ज्या आडगावी कोणी प्रशिक्षक फिरकत नसे, तिथली मुलगीही आज त्याच्या नजरेस पडू शकते.

आता आम्हा युनियनवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: पैसे कोण देतो? अशा कित्येक सेवांत प्रशिक्षकाला यादी फुकट, मुलाची साधी नोंदही फुकट. पण सल्ला आणि ‘खास’ सोयी हव्या असतील तर घरच्यांना शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजावे लागतात. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर मालकासाठी माणसे भरी आणि दस्तुरी मात्र कामगाराकडून घेई. पण तो निदान कामावर लावी तरी! इथे ‘एन.सी.ए.ए.’चा नियम असा की शिष्यवृत्ती मिळवून देण्यावर फी अवलंबून असता कामा नये. हेतू दलाली रोखण्याचा, आणि तो योग्यच. परंतु त्यामुळे शिष्यवृत्ती मिळो न मिळो, फी तेवढीच. ‘एका प्रशिक्षकाने आपले पान पाहिले’ असा निरोप येतो आणि घरात पेढे वाटायची घाई होते. पाहणे म्हणजे बोलावणे नव्हे, आणि तोंडी दिलेली जागाही बंधनकारक नसते.

प्रशिक्षकाला हजारो मुलांची माहिती. मुलाला मात्र संघात जागा किती रिकाम्या आणि त्यासाठी रांगेत किती, याचा पत्ता नसतो. भाव करायला तो एकटाच. एकत्र येण्याचा प्रयत्न झाला तो कॉलेजात पोचलेल्या खेळाडूंकडून. 2014 साली कामगार मंडळाच्या शिकागोच्या अधिकाऱ्याने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवरील फुटबॉलपटूंना नोकर ठरवले, आणि युनियन हवी की नको यावर त्यांनी मतदान केले. 2015 मध्ये वरच्या मंडळाने या प्रकरणात अधिकार चालवण्याचे नाकारले. ती मते कधी मोजलीच गेली नाहीत.