रताळं फक्त उपवासालाच?

महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याची यात्रा भरते अन् घरोघरी उपवासाची रताळी शिजतात. एरवी मात्र त्यांची आठवणही नाही, ही माझी तक्रार! मैत्रिणींनो, घेताना सालीच्या लालीवर जाऊ नका, आत बहुधा पांढराच गर निघतो. एक मोडूनच बघा. गर केशरी असेल तर त्यात 'अ' जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन भरपूर. मुलांना रातांधळेपणापासून जपणारं ते हेच. वाडीत लावायचं तर 'भू सोना' ही केशरी जात मागा.

भात उतरला की रताळी निखाऱ्याच्या गरम राखेत खुपसा, बोटानं दाबून मऊ लागली की झालं. कुस्करून वर चमचाभर जवसाचं तेल नाहीतर तूप घाला, त्याशिवाय कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. लोह मात्र रताळ्यात थोडंच, सोबत पालेभाजी हवीच.