इंजिन नवे, गाडी जुनी आणि धुराची वाट

बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून पाहा. इंजिनाच्या एका अंगाला ओतीव लोखंडाचा जाडजूड, गंजकट तुकडा दिसेल. सगळ्या सिलिंडरांतला जळका धूर त्यात गोळा होतो आणि मग धुराड्यात जातो. याला मॅनिफोल्ड म्हणतात. आज मला सांगायचं आहे ते मात्र अमेरिकेतल्या जुन्या मोटारींविषयी. तिथल्या शौकिनांची डोकेदुखी सुरू होते ती याच तुकड्यापासून.

१९६४ साली तिकडे पाँटियाक जीटीओ ही गाडी निघाली. अंगाने मध्यम, पण इंजिन मोठ्या गाडीचं, आठ सिलिंडरांचं. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात; आपण पैलवान गाड्या म्हणू. १९६७ ते १९६९ मधली शेवरोले कॅमारो त्याच घराण्यातली. आज हौशी लोक तिचं जुनं इंजिन उतरवून त्याच कंपनीचं, १९९७ पासून निघालेल्या एलएस जातीचं इंजिन चढवतात, आणि मॅनिफोल्डच्या जागी हेडर लावतात. हेडर म्हणजे दर सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी. अशा चार नळ्या पुढे एका गळ्यात मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? जुन्या शेवरोले इंजिनात सिलिंडर पेटायचा क्रम असा: १, ८, ४, ३, ६, ५, ७, २. विषम आकडे डाव्या रांगेत, सम उजव्या. क्रम नीट पाहा. पाच आणि सात हे डावीकडचे सख्खे शेजारी लागोपाठ पेटतात. पाचाचा धूर निघतो न निघतो तोच साताचा येऊन भिडतो. दोन पाटांचं पाणी एकाच वेळी अरुंद चारीत सोडलं तर तुंबतं, तसंच हे. एलएस इंजिनात क्रम थोडा बदलला आहे, पण अशी एक-एक जोडी दोन्ही रांगांत उरतेच. लांब, वेगळ्या नळ्या दिल्या की ही गाठ उशिरा पडते. शिवाय वेगाने गेलेला धूर मागे कमी दाब ठेवून जातो, आणि त्या ओढीने दुसऱ्या सिलिंडरातला उरलासुरला धूरही बाहेर येतो.

पण नळ्यांना जागा कुठली? अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून स्टिअरिंगचा दांडा डाव्या रांगेला लागूनच खाली उतरतो. उजवीकडे स्टार्टर. बहुतेकजण इंजिन आधी पक्कं करतात आणि नळ्यांचा विचार शेवटी. माझ्या मते चूक होते ती इथंच. इंजिन इंचभर मागं सरकलं तरी नळी दांड्याला टेकते. म्हणून रिकामा ब्लॉक तात्पुरता टेकवावा, हेडर लावून पाहावेत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, आणि सगळीकडे बोटभर फट राहिली तरच माउंट पक्के करावेत. इंजिन रबरावर बसलेलं असतं. जोर लागला की ते डुलतं, हे विसरू नका. नळी ब्रेकच्या पाइपाजवळून गेली तर आतलं तेल उकळतं आणि पायाखालचं पेडल पोकळ होतं.

कॉलेजात मी मुलांना एक गणित घालतो. मीटरभर पोलादी नळी ५०० अंशांनी तापली तर किती वाढेल? उत्तर येतं सुमारे ६ मिलिमीटर. हे वाढणं-आखडणं दर फेरीला चालू राहतं, म्हणून हेडरचे बोल्ट ढिले होतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन गार झाल्यावर, ते पुन्हा आवळावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण टाळलं तर पॅकिंगमधून टिकटिक आवाज येतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवाही आत शिरते. धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओततं.

त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. तो गाडीत शिरला तर डोकं जड होतं, गुंगी येते, आणि माणूस जिवाला मुकतो.

गळती शोधायची रीत सोपी आहे. इंजिन बंद आणि गार असताना मागच्या नळीच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरायची आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडायचं. सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो, तसंच. जिथं फुगे येतील तिथं आधी बोल्ट आवळून पाहायचा. तरीही फुगे थांबले नाहीत, तर पॅकिंग बदलायचं.