विरोध कशाला होता?

आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाले. काशीपूरच्या तोफगाडे कारखान्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून, चालत आलेली ही परंपरा. तिचे ४१ कारखाने आणि सत्तर हजारांहून अधिक कर्मचारी सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्याला आले, यंत्र इंडियाचे नागपूरला. त्यामुळे खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथील वसाहतींना हा विषय दिल्लीचा म्हणून दूर ठेवता आला नाही.

बदलाची गरज खोटी नव्हती. महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी दारूगोळ्याच्या दर्जावर आणि पुरवठ्यातील विलंबावर वारंवार बोट ठेवले होते. ग्राहक ठरलेला, मागणीपत्र ठरलेले, किंमत खर्चावरून निघणारी. अशा व्यवस्थेत कार्यक्षमतेला प्रोत्साहन कोठून मिळणार? विजय केळकर समितीनेही कंपनीकरणाचीच शिफारस केली होती.

तरीही कामगारांचा विरोध केवळ जडत्वातून आला, हे निदान फार सोयीचे आहे. व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके सांगतात की कर्मचारी बदलाला नव्हे, तर अनिश्चिततेला भितात. येथे अनिश्चितताही नव्हती. एक उदाहरण डोळ्यांसमोर होते. दूरसंचार खात्यातून १ ऑक्टोबर २००० रोजीच भारत संचार निगम जन्माला आले (तारखेचा हा योगायोग कामगारांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही). तेथे सामावून घेतलेल्यांचे निवृत्तिवेतन सरकारी नियमांनी सुरक्षित राहिले, हे खरे. पण २०१९ अखेरच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले, हेही तितकेच खरे. निर्माणीतील कामगार ज्याला भीत होता, ते त्याने शेजारच्या खात्यात घडताना पाहिले होते.

विश्वासाचा प्रश्न याहून गंभीर. ऑगस्ट २०१९ मध्ये तिन्ही मान्यताप्राप्त महासंघांनी महिनाभराचा संप पुकारला. चर्चेसाठी समिती नेमली जाईल, या आश्वासनावर तो आठवडाभराच्या आतच मागे घेण्यात आला. त्यानंतर मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आत्मनिर्भर भारत पॅकेजच्या घोषणांमध्ये कंपनीकरण जाहीर झाले. चर्चेला बसलेल्या माणसाला निर्णय दूरचित्रवाणीवरून कळावा, याला सल्लामसलत म्हणत नाहीत. पुढे जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश आला. बेकायदा ठरवलेल्या संपात भाग घेतल्यास एक वर्षापर्यंत कारावास, चिथावणी दिल्यास दोन वर्षांपर्यंत. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला, तोही एका वर्षाच्या मुदतीचा. संप टळला, शंका तशीच राहिली.

बँकांचा इतिहास वेगळा आहे आणि तो विसरला गेला आहे. ऐंशीच्या दशकात संगणकाविषयीचा रोष आजच्या तरुणाला अविश्वसनीय वाटेल. भारतीय मजदूर संघाने १९८४ हे वर्ष संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. पण बँक संघाने कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये करार केला आणि कोणती यंत्रे कोठे बसवायची याला मर्यादा मान्य केल्या. यंत्रावर काम करणाऱ्यांना विशेष भत्ता मिळाला. पुढील करारांनी त्या मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल केल्या. गती मंद होती, आणि ग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागली, हे नाकारता येत नाही. मात्र प्रत्येक टप्प्यावर कर्मचाऱ्याच्या हाती सही केलेला कागद होता.

निर्माणींच्या कर्मचाऱ्यांना असा कागद मिळाला तो ‘मानीव प्रतिनियुक्ती’चा. प्रारंभी दोन वर्षे त्यांची गणना केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणूनच होईल, वेतन व सेवाशर्ती बदलणार नाहीत, असे ठरले. दोन वर्षे संपली तेव्हा मुदतवाढ द्यावी लागली. निवृत्तीपर्यंत सरकारी कर्मचारी हाच दर्जा कायम ठेवावा, ही महासंघांची मागणी. ती मान्य करण्यास पैसा फारसा लागत नाही, कारण वेतन आजही तेच आहे. लागते ती कंपनीच्या व्यवस्थापनाला काही वर्षे दोन प्रकारचे कर्मचारी सांभाळण्याची तयारी. ती गैरसोय बँकांनी पत्करली होती. येथे मात्र पन्नाशीतला कुशल कामगार प्रत्येक मुदतीच्या तोंडावर परिपत्रकाची वाट पाहतो, आणि कंपनीने त्याच्याकडून निर्यातीच्या दर्जाचा तोफगोळा अपेक्षिलेला असतो.