परिचारिकेचा पहिला पाठ

आमच्या घराण्यात कोणी आजारी पडले, की सारे घर एकदिलाने उभे राहते. कोणी डॉक्टरांकडे धावतो, कोणी पेज करतो, कोणी रात्रभर उशाशी बसतो. आमचे थोरले बंधू पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा तीन वर्षे घरच्या मंडळींनी त्यांची जी सेवा केली, तिला कोणी नाव ठेवील असे काही नव्हते. परंतु या आजारापूर्वी त्यांचा रक्तदाब किती असे, हे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. तो कोणी कधी मोजलाच नव्हता! आजाऱ्याची सेवा आम्हांस येत होती. जो अद्याप आजारी नाही, त्याची काळजी कशी वाहावी हे मात्र येत नव्हते.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण आमची नात. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षास आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती आपली वही घेऊन आमच्यापुढे बसली व म्हणाली, "आजोबा, हे सारे आम्ही इंग्रजीत शिकलो, पण वस्तीवर जाऊन बायकांना सांगायचे ते मराठीत. तुम्ही शब्द सांगा." उभा जन्म शाळेत संस्कृत शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास याहून मोठा मान तो कोणता? आम्ही चष्मा लावून सरसावून बसलो. शब्द आम्ही दिले खरे. परंतु पाठ तिनेच आम्हांस दिला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. नातीने हा मार्ग पत्करला, तेव्हा घरातील काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली होती. 'परक्यांची अंथरुणे काढण्यासाठी का पोरीला शिकविली?' असे उद्गार आम्ही ऐकले, आणि ऐकून स्वस्थ बसलो. वास्तविक चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे जे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य, औषध व रोगी यांच्या जोडीने परिचारकाचीही गणना आहे. आणि त्याच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा व शुचिता हे गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. चारांपैकी एक पाय हलका मानला, तर चौरंग उभा कसा राहील? रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापिले व पुढे तेथून अनेक स्त्रिया परिचारिका होऊन बाहेर पडल्या. एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही आमच्या माजघरात तोच आक्षेप निघावा, ही लाजेची गोष्ट होय.

असो. वहीतील पहिलाच शब्द 'हेल्थ'. आम्ही तत्काळ 'आरोग्य' असे सांगितले. नात म्हणाली, "पण आजोबा, आमच्या बाई तर म्हणतात की रोग नसणे म्हणजे हेल्थ नव्हे." आम्ही चपापलो, कारण 'आरोग्य' या शब्दाची फोड तरी तीच, अरोग असण्याची अवस्था. तो शब्द रोगाचा निषेध करून थांबतो. दुसरा शब्द 'स्वास्थ्य'. जो 'स्व'मध्ये 'स्थ' आहे, आपल्या ठायी नीट उभा आहे, तो स्वस्थ. सुश्रुताने स्वस्थ मनुष्याचे लक्षण सांगताना दोष, अग्नि, धातु व मलक्रिया यांच्या साम्यापाशी लेखणी थांबविली नाही. आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही त्यात घातली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ साली संमत झाली व ७ एप्रिल १९४८ पासून अमलात आली. तिनेही हाच विचार निराळ्या अंगाने मांडला आहे. शरीर, मन व समाजातील जीवन या तिन्ही बाजूंनी मनुष्य सुस्थितीत असला पाहिजे. नुसता रोगाचा अभाव पुरेसा नाही.

पुढचा शब्द 'वेलनेस'. १९५९ साली हॅल्बर्ट डन या अमेरिकन डॉक्टराने या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. त्याच्या मते हे एकदा गाठून विसावा घेण्याचे ठिकाण नव्हे. आपल्या अंगी जेवढे सामर्थ्य आहे, त्याच्या पूर्ण विकासाकडे चालत राहणे म्हणजे वेलनेस. म्हणून मधुमेह जडलेला मनुष्यही आहारविहार सांभाळून, आपले काम करून, चार माणसांत आनंदाने वावरत असेल, तर तो या वाटेवर आहे. आणि ज्याच्या तपासणीत काहीच दोष निघत नाही, पण जो खिन्न व एकाकी आहे, तो या वाटेवरून चुकलेला आहे.

यानंतर रोगप्रतिबंधाच्या तीन पायऱ्या आल्या. पहिली पायरी रोग होऊच न देण्याची: लस टोचणे, पाणी शुद्ध राखणे, मीठ बेताने खाणे, तंबाखू वर्ज्य करणे. दुसरी पायरी रोग झालाच तर तो लपून बसला असतानाच हुडकण्याची: रक्तदाब मोजणे, रक्तातील साखर तपासणे, वेळीच उपचार आरंभणे. तिसरी पायरी रोगाने केलेली हानी कमी करून माणसास पुन्हा उभे करण्याची. आमच्या बंधूंना भिंतीला धरून चालावयास शिकविले, ती तिसरी पायरी. ती आम्ही निष्ठेने चढलो. पहिल्या दोन पायऱ्या आम्हांस दिसल्याच नव्हत्या.

"या तिन्हींहून 'हेल्थ प्रमोशन' थोडे वेगळे," असे नात म्हणाली. त्यास आम्ही 'स्वास्थ्यसंवर्धन' हा शब्द दिला. प्रतिबंध एखाद्या रोगास उद्देशून असतो. संवर्धन कोणत्याच रोगाची वाट पाहत नाही. झाडास कीड लागू नये म्हणून औषध फवारणे निराळे आणि त्याच्या मुळाशी सकस माती घालणे निराळे, तद्वत् हे होय. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीही हेच ओळखले होते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या इस्तंबूलनजीकच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे जखमांपेक्षा आमांश, विषमज्वर यांसारख्या रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते. पुढील वर्षी तेथील गटारे उपसण्यात आली, हवा खेळती करण्यात आली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्यापासून बाईंनी आयुष्यभर पुरेल असा धडा घेतला: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, उजेड, स्वच्छता व योग्य आहार यांची व्यवस्था लावणे, हेच परिचारिकेचे मुख्य काम.

येथवर सर्व ठीक चालले होते. पुढच्या दिवशी नातीने सरावासाठी घरातील साऱ्यांचा रक्तदाब मोजावयास घेतला. आमचा १५२/९४ भरला. एका मोजणीने निदान होत नसते, हे तिने बजावले; तथापि १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा वारंवार येत असेल तर तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हे, हेही सांगितले, आणि आमच्या ताटातील पापड व लोणच्याची दुसरी फोड त्याच दिवशी उचलली गेली. दिवसाकाठी सर्व पदार्थ मिळून ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या एका लहान चमच्याहून कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस घातलेली मर्यादा आहे.

शेवटी तिची आई, म्हणजे आमची सूनबाई, पदराला हात पुशीत आली. रक्तदाब ठीक होता. परंतु नातीने आईच्या पापणीचा आतला भाग खाली ओढून पाहिला, नखे पाहिली, आणि ती एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवशी हट्ट धरून तिने आईला रक्ततपासणीस नेले. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे निदान १२ ग्रॅम असावे, सूनबाईचे ८.४ निघाले. जिना चढताना तिला धाप लागे, ते आम्ही वयावर घातले होते. दुपारी ती क्षणभर आडवी होई, ते आळसावर घातले होते. किंबहुना चहा उशिरा आल्याबद्दल त्याच आठवड्यात आम्ही तिला चार शब्द ऐकविले होते. त्या शब्दांची आठवण होऊन आमची मान खाली गेली.

हे आमच्या एकट्याच्याच घरचे नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या रक्तात ही न्यूनता आढळली. पण आम्हांस विशेष बोचली ती निराळीच गोष्ट. आमच्या घरात अज्ञान नव्हते. सूनबाई पदवीधर आहे. पालेभाजीचे गुण तिला आमच्याहून अधिक ठाऊक. आम्ही स्वतः कुमारसंभवातील शरीराविषयीचे प्रसिद्ध वचन दर वर्षी फळ्यावर लिहून देत आलो. मग उणे कोठे पडले?

याचे उत्तरही त्या वहीतच होते. नोला पेंडर या परिचर्याशास्त्राच्या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८२ साली मांडलेल्या विचारसरणीप्रमाणे मनुष्य हितकर आचरण करील की नाही, हे केवळ ज्ञानावर ठरत नाही. त्यापासून लाभ काय वाटतो, वाटेत अडथळे कोणते, 'हे मला जमेल' असा विश्वास आहे काय, आणि भोवतालची माणसे व परिस्थिति अनुकूल आहेत काय, या सर्वांवर ते अवलंबून असते. नातीने आईस विचारले, "आई, तू जेवतेस केव्हा आणि काय?" उत्तर सरळ होते. सर्वांची पंगत उठल्यावर. आणि जे उरेल ते. भाजी बहुधा उरत नाही. मग ताक-भात, आणि त्यावर लगेच चहा. अडथळा सूनबाईच्या बुद्धीत नव्हता. तो आम्ही मानाने चालविलेल्या पंगतीच्या रीतीत होता.

आमच्या सौभाग्यवती इतका वेळ भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मीही चाळीस वर्षे शेवटीच जेवले. मला कोणी विचारले नाही." त्यावर बोलण्यास आमच्यापाशी काही नव्हते.

२१ नोव्हेंबर १९८६ रोजी कॅनडातील ऑटावा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वास्थ्यसंवर्धनाची सनद प्रसिद्ध केली. तीत पाच कामे सांगितली आहेत: आरोग्यास पोषक अशी धोरणे आखणे, अनुकूल परिस्थिति निर्माण करणे, लोकांच्या सामुदायिक कार्यास बळ देणे, व्यक्तीची कौशल्ये वाढविणे आणि आरोग्यसेवेचे तोंड केवळ उपचाराकडून या दिशेस वळविणे. पाचांत उपदेशाची जागा किती थोडी, पाहा! हितकर गोष्ट करणे सोपे व्हावे अशी व्यवस्था लावणे, हा सनदेचा सारांश आहे. आपल्या महाराष्ट्रात तर याचे प्रात्यक्षिक त्याआधीच झाले होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली कार्य आरंभिले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांपैकी अनेकींना लिहितावाचताही येत नव्हते. पाणी, पोषण, बाळंतपण, स्त्रियांची स्थिति, जातिभेद हे सारे त्यांनी आरोग्याचेच प्रश्न मानले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

घर हेही एक लहानसे गावच. आमच्या घरचे धोरण आम्हीच आखीत आलो होतो. म्हणून ते बदलण्याचे कर्तव्यही आमचेच. आता पंगत एकच बसते. वाढणे पाळीने होते व त्या पाळीत आमचेही नाव आहे. चहा जेवणानंतर तासभर तरी होत नाही, कारण त्यातील द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. पालेभाजीवर लिंबू पिळले जाते, कारण त्याचा परिणाम नेमका उलट आहे. माळ्यावर पडलेली लोखंडी कढई पुन्हा चुलीवर आली. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरतेच न राहता डब्यात कायमचे बसले. अर्थात आहारानेच सर्व भागले असे नव्हे. एवढी न्यूनता असता डॉक्टरांनी कारणाचा शोध घेऊन लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि त्या नेमाने घ्याव्याच लागल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. अजून थोडी मजल उरली आहे. परंतु परवा सूनबाई जिना चढून आली आणि वर येताच हसत बोलू लागली, हे आम्ही कान देऊन ऐकले.

वहीच्या अखेरच्या पानावर 'नर्सिंग' हा शब्द होता. आम्ही 'शुश्रूषा' असे लिहून दिले व त्याची व्युत्पत्ति सांगितली. हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. नात क्षणभर विचारात पडली व म्हणाली, "म्हणजे आजोबा, सांगायच्या आधी ऐकायचे?"

होय, बाळ. वस्तीवर जाशील तेव्हा बायकांना पालेभाज्यांची यादी देण्यापूर्वी त्या केव्हा जेवतात, ते विचार. आणि ज्या घरांत हा अंक वाचला जाईल, तेथील आमच्या वयाच्या मंडळींस आमची नम्र विनंति एवढीच, की आज रात्री पानावर बसण्यापूर्वी आपल्या घरात सर्वांच्या शेवटी कोण जेवते, तेवढे पाहावे.