परांग ला : खिंडीची वाट आणि वाटाड्या

हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यातून लडाखच्या रुपशू पठारावर उतरणाऱ्या खिंडीला परांग ला म्हणतात. भोट भाषेत 'ला' म्हणजे खिंड. 'लडाख' या नावाचा अर्थही सामान्यतः खिंडींचा प्रदेश असाच सांगितला जातो. समुद्रसपाटीपासून या खिंडीची उंची सुमारे ५,५८० मीटर आहे. दक्षिणेकडील किब्बर गावातून निघून उत्तरेकडे त्सो मोरीरी सरोवराच्या काठावरील कोरझोकला पोचण्यास पायी साधारणतः सात ते नऊ दिवस लागतात. या मधल्या अंतरात कायम वस्तीचे एकही गाव लागत नाही. उन्हाळ्यात मेंढरे घेऊन आलेले चांगपा पशुपालक भेटले तर भेटतात.

अलीकडे आपल्याकडील अनेक उपासक-उपासिका ताबो, की, हेमिस येथील विहार पाहण्यास जाऊ लागले आहेत. त्यांतील तरुणांना अशा खिंडी पायी ओलांडण्याचीही ओढ वाटते. ही ओढ चांगलीच आहे. परंतु अशा प्रवासात वाटाड्याचे नेमके काम काय, त्याच्यावर काय सोपवावे आणि काय सोपवू नये, याविषयी पुरेशी स्पष्टता आढळत नाही. कोणी त्याला केवळ सामानाबरोबरचा माणूस समजतात, तर कोणी पैसे दिले म्हणजे तो आपल्याला पलीकडे पोचवणारच असे धरून चालतात. या दोन्ही समजुती घातक आहेत. प्रस्तुत लेखात परांग लाच्या आधारे या विषयाचा विचार करावयाचा आहे.

हिमालय ही एक भिंत होती आणि तिने भारताला उत्तरेपासून तोडले, असे आपण शाळेत शिकलो. बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाला हे विधान मान्य करता येत नाही. स्पितीतील ताबो विहाराची स्थापना इ. स. ९९६ मध्ये झाली. त्या काळातील थोर अनुवादक रिन्चेन झांगपो (९५८-१०५५) यांचे जीवनकार्यच मुळी खिंडी ओलांडण्यावर उभे होते. गुगेचा राजा येशे-ओ याने एकवीस तरुणांना विद्याग्रहणासाठी काश्मीरला पाठविले, आणि त्यांपैकी एकोणीस जण उष्णतेने व तापाने दगावले, अशी परंपरा आहे. उंचावरच्या माणसाला खालची हवा मानवली नाही! आपण नेमक्या उलट दिशेने जातो व उलट कारणाने आजारी पडतो. जे दोघे वाचले त्यांतील एक रिन्चेन झांगपो होते. ते परांग लावरून गेले असे म्हणण्यास आधार नाही. पण वाट बिकट असूनही ती चालती होती, एवढे या परंपरेवरून निश्चित दिसते.

परांग लाची वाटही अशीच चालती होती. किब्बरचे लोक घोडे आणि जव घेऊन रुपशूत जात व तेथून लोकर, मीठ घेऊन येत. १८४६ मध्ये स्पिती लडाखपासून वेगळी काढली गेली. त्या वर्षी सीमा निश्चित करण्यासाठी इंग्रजांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांत अलेक्झांडर कनिंगहॅम होते व ते त्सो मोरीरीपर्यंत पोचले होते. पुढे १८५१ मध्ये सांचीचे स्तूप उघडणारे कनिंगहॅम ते हेच. १९०९ मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी प्रवास करणारे मोरावियन मिशनरी ए. एच. फ्रांके ताबो पाहून परांग ला ओलांडून लेहला गेले. त्यांच्यासोबत बाबू पिंडी लाल हे छायाचित्रकार होते.

आता वाटेकडे वळू. किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तेथून निघाल्यावर चढच लागेल अशी नवख्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात थलटकच्या माळावर चढून गेल्यावर वाट पुन्हा एका खोल घळीत कोसळते, आणि मिळविलेली उंची गमावून ओढ्याच्या काठाने वर सरकावे लागते. खिंडीखालचा शेवटचा मुक्काम पाच हजार मीटरच्या वर असतो. तेथून पहाटे निघून सुट्या दगडगोट्यांच्या घसरड्या चढावरून माथा गाठतात. माथ्यावर दगडांची रास, प्रार्थनेच्या पताका आणि वारा. पलीकडे उतार हिमनदीचा आहे. सकाळी बर्फ कठीण असते तोवर तो पार करणे बरे. दुपारी त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो व भेगांवरील बर्फाचा थर विश्वासाचा राहत नाही.

या हिमनदीतून परे चू नदी निघते व पुढील काही दिवस तीच सोबत करते. रुंद, सपाट, गारगोट्यांचे पात्र, चालणे सोपे. येथेच वाटाड्याची गरज संपली असे वाटू लागते. पण ही नदी विलक्षण आहे. ती उत्तरेकडे वाहते, मग पूर्वेकडे वळून तिबेटात शिरते, आणि तेथून मोठा वळसा घेऊन सुमदो येथे पुन्हा भारतात येऊन स्पिती नदीला मिळते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून तिचे पाणी तुंबले व जून २००५ मध्ये तो बांध फुटल्याने सतलजच्या खोऱ्यात पूर आला, हे वाचकांना आठवत असेल. कोरझोकला जाणाऱ्याने नोरबू सुमदोपाशी नदी ओलांडून तिला सोडावयाचे असते. नदी सोबत आहे म्हणून तिच्याच मागे जाणारा सीमेच्या दिशेने निघून जाईल. शिवाय ती कोठे ओलांडावी हे दरवर्षी बदलते, कारण पात्रातील प्रवाह जागा बदलतात. बर्फ वितळून येणारे पाणी पहाटे कमी व दुपारनंतर अधिक असते. म्हणून वाटाड्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत लोकांना पाण्यात उतरवतो. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने दुपारचे पात्र एकदा पाहावे.

पालि वाङ्मयात अशा प्रदेशाला 'कन्तार' म्हणतात. पाणी दुर्लभ, अन्न दुर्लभ, मनुष्यवस्ती नाही, ते कन्तार. अशा वाटांसाठी विनयपिटकातील महावग्गात भगवंतांनी भिक्खूंना 'पाथेय्य' म्हणजे शिदोरी घेण्याची अनुज्ञा दिली, आणि तिच्यात तांदूळ, मूग, उडीद, मीठ, गूळ, तेल, तूप अशी व्यावहारिक यादी आहे. कन्तार पार करविणारा जाणकार 'थलनियामक', जमिनीवरचा सुकाणूधारी. वण्णुपथ जातकात साठ योजनांचे वाळवंट एका सार्थवाहाचा तांडा रात्री ताऱ्यांच्या आधाराने ओलांडतो. शेवटच्या रात्री, आता पोचलोच या भरवशावर लोक पाणी आणि सरपण टाकून देतात. नियामकाला मात्र त्याच रात्री डोळा लागतो, बैल मागे फिरतात आणि उजाडल्यावर तांडा आदल्याच तळावर असतो. जातककथांतील अद्भुत भाग बाजूला ठेवला तरी ही कथा प्रवासाच्या अनुभवातून आली आहे हे जाणवते. परांग लावर अपघात आणि आजार पुष्कळदा माथा ओलांडल्यावर ओढवतात, कारण आता उतरणच आहे असे सर्वांना वाटते.

आता शरीराचा विचार. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण दिवसांच्या गतीने, तासांच्या नव्हे. जुळवून घेण्यापूर्वी वर गेल्यास डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, निद्रानाश ही लक्षणे दिसतात. ती दुर्लक्षिली तर फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि या दोन्ही अवस्था प्राणघातक आहेत. बसल्याजागी धाप लागणे, खोकल्यात फेस येणे, सरळ रेषेत चालता न येणे, असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले की रोग्याला ताबडतोब खाली नेणे हाच खरा उपाय होय. औषधे आणि प्राणवायूची नळकांडी त्याला साहाय्यभूत, पर्यायी नव्हेत. प्राचीनांना हे अनुभवाने ठाऊक होते. काश्मीर-गंधाराकडे येणाऱ्या वाटेवरील दोन पर्वतांना चीनच्या हान इतिहासग्रंथात 'मोठी डोकेदुखी' व 'लहान डोकेदुखी' अशी नावे आहेत.

तरुण, व्यायामपटू माणसाला हा आजार होत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. तो जोरात चालतो म्हणून त्याला उलट अधिक धोका. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा वैद्यकीय संकेत आहे. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून काझाला जाणे सोपे झाले. पण दोन हजार मीटरवरून एका दिवसात सुमारे ३,७०० मीटरवर जाऊन निजणे शरीराला मानवत नाही. सिमला, किन्नौर, ताबो असा लांबचा रस्ता घ्यावा. ताबोला दोन रात्री, मग काझा व किब्बर येथे आणखी दोन-तीन, असा क्रम ठेवल्यास चढ सुसह्य होतो आणि विहारही सावकाश पाहून होतात. रजा कमी आहे म्हणून मुक्काम कमी करावयाचे, हा हिशेब मात्र करू नये. तशा वेळी खिंडच सोडून द्यावी.

चांगला वाटाड्या या सर्वावर लक्ष ठेवतो. सायंकाळी तो सहज विचारल्यासारखे विचारतो : जेवलात का, डोके कसे आहे, झोप लागली का. या प्रश्नांना खोटी उत्तरे देणारे प्रवासी पुष्कळ असतात, कारण आपल्यामुळे सर्वांना थांबावे लागेल याची त्यांना लाज वाटते. येथे मला मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्ताचे स्मरण होते. आपले सर्व शिष्य निब्बानाला पोचतात काय, असे ब्राह्मण विचारतो. काही पोचतात, काही नाही, असे भगवंत सांगतात. राजगहाची वाट नीट समजावून दिली असता एक माणूस पोचतो आणि दुसरा भलत्याच दिशेला जातो, यात वाट सांगणाऱ्याने काय करावे? तथागत हा 'मग्गक्खायी', वाट सांगणारा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग घेऊन, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे तत्त्व मांडले. 'अक्खायी' या शब्दात सांगणे आहे, वाहून नेणे नाही. वाटाड्या ओढा कोठे ओलांडावा ते सांगेल, ढग पाहून एक दिवस थांबवील, परत फिरण्यास सांगेल. श्वास आपला आपणच घ्यावयाचा असतो, आणि डोके दुखते हे त्याला खरे सांगणेही आपल्याकडेच असते. त्याने परत फिरा म्हटले तर तो निर्णय गटाच्या मतावर टाकू नये. किती पैसे भरले आहेत, हे त्या वेळी कोणी बोलूनही दाखवू नये.

वाटाड्या या शब्दाला आपल्या समाजात आणखी एक इतिहास आहे. महार वतनदाराच्या कामांत गावी आलेल्या अधिकाऱ्याला पुढच्या गावची वाट दाखविणे, सरकारी ओझे वाहणे, निरोप पोचविणे ही कामे होती. ऊन असो, पाऊस असो, हाक आली की निघावयाचे. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. हिमालयातही हेच होते. सतलजच्या डोंगराळ भागात, स्पितीत आणि लडाखात साहेबांच्या प्रवासासाठी गावांना हमाल व जनावरे पुरवावी लागत. त्याला बेगार म्हणत. कोटगढच्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९२० ते १९२१ या काळात त्या प्रथेविरुद्ध लोकांना उभे केले. प्रवासवर्णनांच्या मुखपृष्ठांवर प्रवाशाचे नाव आहे. ओझे ज्यांच्या पाठीवरून गेले त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

आजचा किब्बरचा वाटाड्या आणि घोडेवाला मजुरी घेऊन येतो, हा मोठाच फरक आहे. तथापि मजुरी ठरविताना ती काझात बसलेल्या मध्यस्थाशी ठरते की प्रत्यक्ष चालणाऱ्याशी, हे पाहावे. त्याच्याजवळ बर्फात चालण्याजोगे बूट, काळा चष्मा, रात्रीचे पांघरूण आहे काय, हेही विचारावे. सीमावर्ती भागातील परवान्यांचे नियम बदलत असतात. ते निघण्यापूर्वी काझा व लेह येथील प्रशासनाकडून समजून घ्यावेत. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपला प्रवास कोरझोकला संपतो, तेथून आपण मोटारीने लेहला जातो. घोडेवाल्याला घोडे घेऊन तीच नदी, तीच हिमनदी आणि तीच खिंड पुन्हा ओलांडून किब्बरला जावयाचे असते. त्या परतीच्या दिवसांची मजुरी आणि शिधा ठरलेल्या रकमेत धरला आहे की नाही, हे किब्बरहून निघण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे.